एकास बारा

ह्या सदरात एरवी घरातील गोष्टी सांगाव्यात आणि त्यांतून जमल्यास बाहेरच्या जगाकडे पाहावे, असा माझा शिरस्ता आहे. आज क्रम उलटा होणार आहे. बाहेर एक प्रसंग असा घडला की त्याने मला घरी आणून बसविले आणि माझ्याच सहीचा एक कागद माझ्यापुढे ठेवला.

माझ्या आत्याबाई एका कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. वय एक्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या उंबरठ्यावर पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले, परंतु चालणे काही परत आले नाही. तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत असतात. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांनी आपल्या आत्मचरित्रास ‘चाकाची खुर्ची’ हेच नाव दिले आहे. ते पुस्तक आत्याबाईंनी निवृत्तीनंतर वाचले होते, आणि आपल्या संग्रहातील इतर चार कपाटे पुस्तकांसह गावच्या वाचनालयास देऊनही टाकले होते. ह्या देणगीबद्दल त्यांचा सत्कार करावा असे वाचनालयाच्या मंडळींना यंदाच्या वार्षिकोत्सवात सुचले. उशिरा सुचले, तरी सुचले हे बरेच म्हणावयाचे.

वाचनालयास सात पायऱ्या आहेत. पायऱ्यांच्या कडेस एक उतरण आहे, जिला आता सर्व जण रॅम्प म्हणतात. उत्सवाच्या दिवशी तीवर लावलेल्या तीन दुचाक्या हलवून माझ्या मुलाने खुर्ची ढकलावयास प्रारंभ केला. निम्म्यापर्यंत खुर्ची चढली, आणि तेथून ती मागे येऊ लागली. मुलगा धट्टाकट्टा आहे, म्हणून अनर्थ टळला. मग चार तरुण पुढे झाले, त्यांनी खुर्चीसकट आत्याबाईंना उचलले आणि सात पायऱ्या चढवून सभागृहात नेऊन ठेवले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. अध्यक्षांनी आपल्या भाषणात त्या तरुणांच्या सेवावृत्तीचा गौरवाने उल्लेख केला. आत्याबाई सत्काराला उत्तर देतील अशी अपेक्षा होती. त्यांनी नुसते हात जोडले.

घरी आल्यावर रात्री मी म्हटले, “आत्या, तू काहीच बोलली नाहीस.”

“काय बोलू?” त्या म्हणाल्या. “चार परक्या पोरांनी मला उचलली. एकाचा हात माझ्या दंडाला, एकाचा पायाला. पदर कुठे, निऱ्या कुठे, मला सावरता येईना. आणि लोक टाळ्या वाजवीत होते. अरे, गणपतीलासुद्धा असे उचलतात ते बुडवायला नेताना.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “ती घसरगुंडी बांधली तेव्हा समितीवर तू होतास ना?”

होतो. वाचनालयाची नवी इमारत २००९ साली झाली, तेव्हा इमारत-समितीत मी होतो, आणि नकाशावर माझी सही आहे. जोते उंच घ्यावे हा आग्रह माझाच होता. त्यास कारणही होते. चंद्रपूरच्या लोकांना इरई आणि झरपट ह्या नद्यांचे पाणी घरात शिरल्याचा अनुभव पुन्हा पुन्हा आलेला आहे, आणि पुस्तके भिजली म्हणजे ती परत मिळत नाहीत. परंतु खरे सांगावयाचे तर पुराचे भय हे अर्धेच कारण होते. सात पायऱ्या चढून जावयाची इमारत भारदस्त दिसते, हे उरलेले अर्धे. पुढे २०१८ साली कोणीसे रॅम्प असावा असे म्हणाले, गवंड्याला सांगितले, एका दिवसात काम झाले, आणि ‘रॅम्पचे काम पूर्ण’ असे इतिवृत्तात लिहिले गेले. त्या इतिवृत्तावरही माझी सही आहे. त्या उतरणीवरून कोणी चढू शकेल की नाही, हे आम्ही बारा जणांपैकी एकानेही पाहिले नाही. कारण आम्ही बाराही जण पायऱ्यांवरून चढत होतो.

दुसऱ्या दिवशी मी घरातील शिंप्याची फीत घेऊन वाचनालयात गेलो आणि प्रथमच माप घेतले. जोते १०५ सेंटिमीटर उंच. उतरणीची जमिनीवरील लांबी तीन मीटर. म्हणजे सुमारे तीन मीटर चालल्यावर एक मीटर चढावयाचे: एकास तीन.

आता नियम काय सांगतो पाहा. चाकाच्या खुर्चीसाठी बांधावयाच्या उतरणीचा चढ एकास बाराहून अधिक नसावा, अर्थात एक हात चढावयाचे तर निदान बारा हात लांबी हवी. आमच्या १०५ सेंटिमीटरांस १२.६ मीटर लांबी पाहिजे; आम्ही दिली तीन. हा फरक नुसत्या आकड्यांत कळत नाही, म्हणून वजनाच्या भाषेत सांगतो. खुर्ची आणि तीत बसलेले माणूस मिळून ८० किलो धरा. एकास बाराच्या चढावर ढकलणाऱ्यास सुमारे सात किलोंचा भार लोटावा लागतो. घरातील दहा-बारा वर्षांची नातही आजीला वर नेईल. आमच्या उतरणीवर तोच भार सव्वीस किलोंच्या घरात जातो. पाव क्विंटल धान्य अंगावर घेऊन चढण चढण्यासारखेच ते झाले. आणि हात सुटला तर खुर्ची थांबावयाची नाही, हे वेगळेच. आत्याबाईंनी तिला घसरगुंडी म्हटले त्यात अलंकार मुळीच नव्हता.

हे बाराचे माप कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेले नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर पायांनी अधू झालेले अनेक सैनिक विद्यापीठांत शिकावयास आले. इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट ह्यांनी अशा विद्यार्थ्यांबरोबर काम करून खुर्चीत बसलेल्या माणसास काय साधते आणि काय साधत नाही ह्याचा अभ्यास केला, आणि १९६१ साली त्या देशात पहिले प्रमाणपत्रक निघाले. एकास बारा हे माप तेव्हापासून जगभर फिरत आहे. आपल्याकडच्या इमारत-संहितेतही ते आहे, आणि त्याबरोबर इतरही पुष्कळ आहे. एका दमाची लांबी नऊ मीटरांहून अधिक नसावी, मध्ये विसाव्यास सपाट जागा असावी. दोन्ही बाजूंस कठडे असावेत, ते उतरणीच्या दोन्ही टोकांपुढे फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर, गेलेले असावेत, आणि कठडा व भिंत ह्यांमध्ये मूठ शिरेल एवढे, ५ सेंटिमीटर, अंतर असावे. फरशी निसरडी नसावी. दरवाजा ९० सेंटिमीटर मोकळा उघडावा. हे शेवटचे तर हमखास विसरले जाते. उत्तम उतरण चढून वर जावे आणि दोन फुटी दारापुढे अडकून बसावे, असे प्रसंग मी ह्या महिन्याभरात, फीत खिशात घेऊन हिंडताना, आपल्या शहरात दोन ठिकाणी पाहिले. तिसऱ्या ठिकाणी उतरण आणि दार दोन्ही योग्य होती. फक्त दाराला कुलूप होते आणि किल्ली असलेला शिपाई जेवावयास गेला होता.

ह्या विषयाचे वाचन करताना एक मजेदार माहिती हाती लागली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांना १९२१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पक्षाघाताच्या रोगाने गाठले, आणि पुढे त्यांना आपल्या पायांवर निराधार उभे राहता आले नाही. ते जी खुर्ची वापरीत ती साध्या जेवणघरातील खुर्चीला चाके लावून केलेली होती, कारण तशीच खुर्ची जुन्या घरांच्या अरुंद दारांतून जाऊ शके. १९३८-३९ साली त्यांनी हाइड पार्क येथे स्वतःच्या कल्पनेने एक लहानसे घर बांधविले. त्यात तळमजल्यावर पायरी नाही आणि दारांना उंबरठे नाहीत. ओसरीवरून बाहेर जाण्यास सिमेंटचा रॅम्प नसून मातीचाच हलका उतार केलेला आहे, तो पाहून तो मुद्दाम केला आहे असे वाटूही नये. इंग्लंडच्या राजाराणीस त्यांनी ह्याच घरी १९३९ च्या जून महिन्यात उपाहारास नेले होते. म्हणजे मुरमाची भर घालून, ती नीट ठोकून, पाणी वाहून जाईल अशी बगल देऊन केलेला उतार हाही उत्तम रॅम्प होऊ शकतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गडचिरोलीकडच्या एका स्नेह्याने मला लिहिले आहे की, आमच्याकडे सिमेंटच पावसाळ्यात पोहोचत नाही, तेथे तुमचे रॅम्प कसले?

आता कायद्याकडे वळतो. तो रुक्ष असला तरी त्यातील एका वाक्प्रयोगाची कथा सांगण्यासारखी आहे. अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा आपल्या देशात १९९५ साली झाला. सार्वजनिक इमारतींत, रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत उतरणी कराव्यात असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते, परंतु त्यास ‘आपल्या आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत’ अशा अर्थाची एक शेपटी जोडलेली होती. आपल्या घरांतही अमुक करू, ‘जमले तर’, असे म्हटले की ते काम कधी होत नाही, हे गृहिणींना सांगावयास नको. वाचनालयाचा आमचा नकाशा ह्या ‘जमले तर’च्या काळातला.

त्यानंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. त्याने ती शेपटी काढून टाकली. नव्या इमारतीच्या नकाशात ही सोय नसेल तर बांधकामास परवानगी देऊ नये, व बांधून झाल्यावर सोय आढळली नाही तर पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे त्यात आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले, तेव्हा ती मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. कायदा मोडणाऱ्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे.

परंतु नियमांत पुन्हा एक फट राहिली. मापे कोणती, तर अमुक मार्गदर्शक पुस्तिकेत दिलेली. आणि पुस्तिका पाहावी तर तिची भाषा शिफारशीची. राजीव रतुरी ह्या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात जी याचिका केली होती, तिच्यात न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके ह्याच फटीवर बोट ठेवले. कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र विनंती करतो, हे एकत्र नांदू शकत नाही, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरविण्यात आला आणि सक्तीची किमान मापे तीन महिन्यांत ठरवावीत असा आदेश केंद्र सरकारला दिला गेला. आमच्या समितीचे पाप ह्या निकालाच्या उजेडात मला अधिक स्पष्ट दिसले. आम्हीही रॅम्प ‘आहे की नाही’ एवढेच पाहिले. ‘किती’ हे पाहिले नाही. तपासणीच्या तक्त्यात रॅम्पपुढे ‘होय’ लिहिलेले असते, आणि तो ‘होय’ एकास तीनचा की एकास बाराचा हे विचारण्यास त्या तक्त्यात रकानाच नसतो.

कोणी म्हणेल, आपल्या ह्या जंगलाच्या मुलुखात खुर्चीवर बसणारे असे किती? हा प्रश्न मला समितीतही विचारण्यात आला. विचारणारे गृहस्थ सज्जन आहेत, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की खुर्चीतील माणूस रस्त्यावर दिसत नाही ह्याचे कारण तो नाही हे नसून त्याला बाहेर पडता येत नाही हे आहे. आत्याबाई दोन वर्षे कोणाला दिसल्या नव्हत्या. दुसरे असे की, पायरी ज्यांना अडविते त्यांत खुर्चीवाले थोडेच. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आला आहे. विदर्भात, आणि विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी समाजात, हा रोग घरोघर ठाऊक आहे. रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात हे पुष्कळांस माहीत असते, परंतु त्याच कारणाने मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून ऐन तारुण्यात खुबा निकामी होऊ शकतो, हे कमी जणांस माहीत असते. असा पंचविशीतला तरुण बाहेरून धडधाकट दिसतो. तो पायऱ्यांपाशी का थांबला, हे मागे उभ्या असलेल्यास कळत नाही आणि तो आळशी ठरतो.

कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचीही गणना ह्याच यादीत आहे. ज्या जिल्ह्यात बाबा आमटे ह्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले, तेथे ह्याबद्दल अधिक सांगणे नको. परंतु एक बारीकशी गोष्ट आमच्या गवंड्याच्या ध्यानात आली ती मांडतो. उतरणीचा कठडा चकचकीत पोलादी नळीचा करावयाची आता पद्धत आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा सत्तेचाळीस अंशांपर्यंत जातो. दुपारी त्या नळीला माझा हात लागला तर मी चटकन काढून घेईन. ज्याच्या हाताची संवेदना कुष्ठरोगाने गेली आहे तो काढून घेणार नाही, कारण त्याला चटका कळणारच नाही, आणि संध्याकाळी हाताला फोड दिसेल. तेव्हा कठड्यावर सावली हवी, किंवा तो लाकडाचा हवा. लाकडाला आपल्याकडे तोटा नाही. दिल्लीत छापलेल्या कोणत्याही पुस्तिकेहून हे शहाणपण मला अधिक मोलाचे वाटले.

बाबांना स्वतःला मणक्याच्या विकारामुळे पुढे वर्षानुवर्षे बसता येत नसे. ते उभे असत किंवा आडवे. १९८५ साली कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा निघाली, तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर गेले. त्यांना खुर्चीत बसा असे कोणी म्हटले नाही. माणसाच्या पाठीचे माप घेऊन गाडीत सोय केली गेली. धानोरा रस्त्यावरील शोधग्रामात डॉक्टर अभय आणि राणी बंग ह्यांनीही असेच केले. आदिवासींना मोठ्या इमारतीच्या रुग्णालयाचे भय वाटते हे त्यांनाच विचारून कळून घेतले, आणि दंतेश्वरीच्या नावाचा दवाखाना गावातल्या झोपड्यांसारख्या कुट्यांचा केला, ज्यात आप्तांनाही रोग्याजवळ राहता यावे. ज्याला इमारत वापरावयाची आहे त्याला आधी विचारावे, एवढी साधी रीत आमच्या समितीला सुचली नव्हती.

स्नेह्याच्या आक्षेपाचा उरलेला भाग मात्र खरा आहे, आणि तो झाकून ठेवणे बरे नव्हे. १९८२ साली चंद्रपुरातून निघालेल्या गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या बाजूस पर्लकोटेला पूर आला की वाहतूक तुटते, आणि रोग्याला खाटेवर घालून माणसांच्या खांद्यावरून नाले ओलांडावे लागतात. जेथे खाट हाच मार्ग, तेथे उतरणीचे अंश मोजणारा मनुष्य हास्यास्पद ठरेल, अशी मलाही शंका आली होती. पण मग मनात आले की, ज्याला चार कोस खाटेवर आणले त्याला दवाखान्याच्या दारात पुन्हा पाच पायऱ्या का असाव्यात? पूल बांधणे हे मोठ्या खर्चाचे, अनेक वर्षांचे काम. परंतु त्या तालुक्यातही नवी शाळा, नवे उपकेंद्र बांधले जातेच, आणि बांधतानाच उतरण योग्य लांबीची केली तर इमारतीच्या एकंदर खर्चात तिचा भाग अगदी अल्प असतो. मागाहून तोडून करावी लागते तेव्हाच ती महाग पडते, जशी ती आता आम्हाला पडत आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या इमारतीसाठी अडथळाविरहित प्रवेश ही अटच घातलेली आहे. म्हणून आता बहुतेक खेड्यांतील शाळेपुढे उतरण दिसते, आणि निवडणुकीच्या दिवशी त्याच शाळेत मतदान होत असल्याने ती गावातील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही उपयोगी पडते. २०२४ च्या लोकसभेच्या निवडणुकीत पंच्याऐंशी वर्षांवरील आणि चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याची मुभा देशभर मिळाली. सोय चांगली आहे. तरी, ज्यांना पोलिंगवर जाऊन रांगेत चार ओळखीची माणसे भेटावीत असे वाटते, त्यांना शाळेची उतरणच हवी असते.

एस.टी.ची गोष्ट तर निराळीच. दिव्यांगांना तिकिटात पंचाहत्तर टक्के सवलत आहे, आणि २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास पूर्ण फुकट आहे. आत्याबाई दोन्हीत बसतात. गाडीत मात्र त्यांना बसता येत नाही, कारण साध्या गाडीची पहिली पायरी जमिनीपासून जवळजवळ गुडघ्याएवढी उंच असते. हा हिशेब त्यांनी स्वतःच मला ऐकविला, आणि वर म्हणाल्या, “भाडे घ्या म्हणावे पुरते, पण पायरी खाली आणा.”

आता थोडे आपल्या घरांविषयी. हे लिहिताना मी उठून आमच्याच घरातील मापे घेतली. अंगणातून ओसरी तीन पायऱ्या; तेथे फळी टाकून भागवितो, आणि ती फळीही एकास चारची निघाली. देवघराच्या दाराला चार बोटे उंबरठा. स्वयंपाकघराचे दार ७५ सेंटिमीटर, त्यातून खुर्ची जाते पण चाक फिरविणाऱ्या हाताची बोटे चौकटीला खरचटतात. आत्याबाईंच्या बोटांवरचे ओरखडे मी दोन वर्षे पाहत होतो आणि ते कशाने होतात हे कधी विचारले नव्हते. न्हाणीघराचा उंबरठा, ज्याने हे सारे घडविले, तो तसाच होता. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो केलेला असतो, परंतु फरशीला आत मोरीकडे योग्य ढाळ दिला तर उंबरठ्याची गरज राहत नाही, असे गवंडी सांगतो. तो उंबरठा मागच्या आठवड्यात काढला. ज्या वाचकांच्या घरी वडील माणसे आहेत त्यांनी हाड मोडण्याची वाट न पाहता फीत काढावी, ही माझी विनंती आहे.

वाचनालयाचे काय झाले, ते सांगून थांबतो. जुनी उतरण फोडण्याचा ठराव मी मांडला आणि माझ्या दोन्ही सह्यांचा इतिहासही सांगितला. विरोध खर्चाचा नव्हता, जागेचा होता. १२.६ मीटरांची सरळ उतरण थेट फाटकाबाहेर रस्त्यावर जाते. तेव्हा ती मध्ये सपाट विसावा देऊन दुमडावी लागणार, आणि दुमडलेला भाग नेमका जेथून जातो तेथे कोनशिला उभी आहे. संगमरवरी कोनशिला, तीवर आम्हा बारा जणांची नावे. ती हलवावी की उतरणच थोडी आखूड करून एकास आठ करावी, ह्यावर सभा पावणेदोन तास चालली. एकास आठ म्हणजे काय, ते कळण्यासाठी मी अध्यक्षांना आत्याबाईंच्या रिकाम्या खुर्चीत बसवून आवारात टाकलेल्या फळीवरून ढकलून दाखविले. ठराव त्यानंतर मंजूर झाला.

कोनशिला सध्या पुस्तकांच्या कोठीत भिंतीला टेकवून ठेविली आहे. कोठे बसवावयाची ते ठरलेले नाही. उतरण विसाव्यापर्यंत भरून झाली आहे, कठड्यासाठी सागवान सांगितले आहे, आणि गवंडी सकाळसंध्याकाळ पाणी मारीत आहे; चौदा दिवस तीवर कोणी चाक आणावयाचे नाही अशी त्याची ताकीद आहे. आत्याबाईंनी काल शिंप्याची फीत मागून घेतली. ती त्यांच्या उशाशी आहे.